दोनशेच्या वरचा पाऊस

सत्तावीस वर्षं मी तळेगावच्या एका कारखान्यात बोल्ट मोजले. हातात व्हर्नियर, समोर दोन ट्रे, एक हिरवा आणि एक लाल. मापात बसला तो बोल्ट हिरव्यात, नाही बसला तो लालमध्ये. कामाचं नाव मात्र भारदस्त होतं, क्वालिटी इन्स्पेक्टर. धाकट्या मुलीच्या लग्नपत्रिकेत मी ते माझ्या नावापुढे छापून घेतलं होतं, आणि नवऱ्या मुलाच्या नावापेक्षा ते एक ओळ लांब झालं म्हणून व्याह्यांनी तोंड वाकडं केलं होतं.

सवय अशी जडली की ताटात भाकरी पडली तरी मी आधी तिची कड बघायचो. बायको, म्हणजे गावची शकुबाई, एकदा म्हणाली, "लालमधली आसंल तर तसं सांगा. म्हशीला घालते."

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो आणि टाकव्याला घरी बसलो. मोजायला काही उरलं नव्हतं. पहिले तीन महिने मी पाण्याच्या टाकीची पातळी मोजली, एसटी किती मिनिटं उशिरा येते ते लिहून ठेवलं आणि शेजाऱ्यांच्या बांधाची उंची मापायला गेलो. तिथं भांडण झालं. शकुबाई देवाला म्हणायची, यांना काहीतरी उद्योग दे.

उद्योग आला तो पुण्याहून आला. एका संशोधन संस्थेची माणसं ग्रामपंचायतीत आली. त्यांना आमच्या भागात पाऊस मोजायची दोन यंत्रं बसवायची होती. यंत्र म्हणजे काय, तर एक पांढरं नरसाळं, खाली दहा लिटरची बाटली आणि सोबत एक उंच काचेचा ग्लास. ग्लासावर वीस खुणा. एक खूण म्हणजे एक मिलिमीटर. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी ग्लासानं मोजायचं आणि वहीत लिहायचं. त्यांनी सरपंचांना विचारलं, "आकडे नीट लिहील असं कुणी आहे का?" सरपंचांनी तोंड उघडायच्या आत मी उभा होतो.

तेव्हापासून दहा वर्षं मी टाकव्याचा पाऊस मोजतोय. सुरुवातीला मी इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात जायचो. छत्री धरायला शकुबाईला बोलवायचो. ती म्हणायची, "त्या बाटलीला काय दाखवायचंय येवढं नटून?" चहाच्या टपरीवर मी शिरलो की कुणीतरी म्हणायचं, "आली बघा येधशाळा." मला ते चेष्टेतलं वाटलंच नाही. मी मान डोलवायचो.

वाईट एवढंच झालं की लोक पडलेल्या पावसाबद्दल विचारेनात, पडणाऱ्या पावसाबद्दल विचारायला लागले. मी दोन-तीनदा खरं सांगितलं की ते आपलं काम नाही. मग मोह आवरेना. एका मे महिन्यात शकुबाईनं आणि तिच्या जावेनं दोन घरांच्या कुरडया घातल्या होत्या. मी आकाशाकडे बघून म्हणालो, "हवेत आर्द्रता नाही. दोन दिवस काळजी नको." दुपारी तीनला वळीव आला. त्या दिवशी माझ्या वहीत अकरा मिलिमीटरची नोंद आहे. घरात पुढचे चार दिवस त्याहून जास्त बरसला.

पण हे सगळं किरकोळ. ज्याच्याबद्दल सांगायचंय ते दुसऱ्या यंत्राचं आहे.

ते यंत्र वरच्या वाडीत बसवलं होतं. आमच्या गावापासून पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अंगाला, आठ-नऊ किलोमीटर. स्कूटर खालच्या शाळेपाशी लावायची आणि पाऊण तास चढायचं. वाडीत ठाकरांची अठरा घरं. यंत्र कमळाबाईंच्या अंगणात बसवलं, कारण त्यांच्या अंगणावर झाडाची फांदी येत नव्हती आणि त्या बहुतेक वेळ घरी असायच्या. वय सत्तरीला टेकलेलं. नवरा बुधा कधीच गेलेला, मुलगा कामाला खाली, घरात सून रूपा. रूपाचं लग्न नंतरचं. यंत्र बसलं तेव्हा घरात लिहितावाचता येणारं कुणी नव्हतं.

संस्थेच्या साहेबांनी त्यावर सोपा उपाय काढला. कमळाबाईंनी रोज ग्लास मोजायचे आणि आपल्याला उमजेल अशी खूण करून ठेवायची. दर रविवारी रखमाजींनी, म्हणजे मी, वर जायचं, खुणा वाचायच्या आणि आकडे करून वहीत उतरवायचे. म्हणजे दोन्ही वह्या माझ्याकडे. माझी छाती आणखी दोन इंच वाढली.

कमळाबाईंनी खुणा केल्या त्या कारवीच्या काड्यांवर. एका दिवसाची एक काडी. ग्लास काठोकाठ भरला की कोयत्यानं एक खोल खाच. शेवटचा ग्लास अर्धामुर्धा राहिला तर जितक्या खुणांपर्यंत पाणी, तितक्या बारीक खाचा दुसऱ्या टोकाकडून. पाऊस नाही पडला तर काडी कोरी. आठवड्याच्या सात काड्या त्या सुंभानं शेजारी शेजारी विणायच्या. पहिली काडी जरा लांब ठेवायच्या, म्हणजे कुठून वाचायचं ते कळावं. मी रविवारी जायचो, ओट्यावर बसायचो, चष्मा पुसायचो आणि ती वीतभर ताटी हातात घेऊन वाचायचो. पहिल्या वर्षी मला या पद्धतीचं कौतुक वाटलं. ते कौतुक मी लहान मुलाच्या चित्राचं करतात तसं केलं.

मग तो जुलै आला.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सलग तीन दिवस झड होती आणि चौथ्या दिवशी तर समोरचं घर दिसेना. माझ्या ग्लासात त्या दिवशी एकशे अडतीस भरले. टाकव्याच्या मानानं ते खूपच. रविवारी वर गेलो तर वाट एके ठिकाणी चिखलानं बुजली होती. वाडीच्या मागच्या उताराचा एक तुकडा भातखाचरांवर येऊन बसला होता. घरं वाचली होती, माणसं ठीक होती. मी ओट्यावर बसलो, काडी घेतली, खाचा मोजल्या. वीस खोल, बारा बारीक. चारशे बारा.

मी परत मोजल्या. तेवढ्याच.

"मावशी," मी म्हणालो, "वीस ग्लास?"

"व्हय भाऊ."

"एकदा मोजून परत दुसऱ्यांदा मोजले असतील. माझ्याकडं एकशे अडतीस झाला. हितं चारशे कसा होईल?"

"येक येक ग्लास वतला आन् येक येक खाच घातली."

मी हसलो. कारखान्यात नव्या पोराची मोजणी चुकली की हसायचो तसं. मग त्यांना समजावून सांगितलं. जिन्नस मापाच्या फार बाहेर जातो तेव्हा बहुतेक वेळा जिन्नस चुकलेला नसतो, मोजणारा चुकलेला असतो. सत्तावीस वर्षांचा अनुभव सांगतो, म्हणालो. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुमी म्हनाल तसं. पन मी वीस वतलं."

दोनदा मोजले म्हणजे निम्मे खरे, असा हिशेब त्यांना ऐकवून मी वहीत दोनशे सहा लिहिलं. सुवाच्य अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "किरकोळ दरड."

इथवर थांबलो असतो तरी एक चूक झाली असती. मी ती पद्धतच करून टाकली. त्या दिवसापासून वरच्या वाडीचा आकडा दोनशेच्या पुढे गेला की मी निम्मा करायचो. आणि काम अर्धवट ठेवायची सवय नसल्यामुळे घरी येऊन आधीच्या चार वर्षांच्या वह्या काढल्या. तिथले दोनशेच्या वरचे आकडे खोडले नाहीत. खाडाखोड मला सहन होत नाही. ती पानंच नव्यानं लिहून काढली. जुनी पानं बंबात घातली. शकुबाईनं विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणालो, "क्वालिटी."

गेल्या वर्षी जानेवारीत प्रेरणा आली. पुण्याचीच, तिशीतली, त्याच संस्थेत संशोधन करणारी. तिचा विषय असा की आपल्या मावळातल्या पश्चिमेच्या डोंगरउतारांवर किती दिवसांत किती पाऊस पडला की माती सुटते. ते नेमकं कळलं तर वाडीतल्या माणसांना आधी सांगता येईल, आता खाली या म्हणून. ती म्हणाली, "काका, उपग्रहावरून आम्हाला ढग दिसतात, पण घाटमाथ्यावर किती पडला हे तो नीट सांगू शकत नाही. जमिनीवर रोज मोजलेला पाऊस हवा. आणि असा सलग आठ वर्षांचा आमच्याकडे फार थोड्या ठिकाणचा आहे."

मी वह्या आणल्या. तिनं पानं उलटली आणि म्हणाली, "किती सुंदर अक्षर आहे हो. एकही खाडाखोड नाही!"

शकुबाई चहा घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मी चहात बघत राहिलो.

प्रेरणानं सगळ्या पानांचे फोटो काढून नेले. महिन्याभरानं परत आली, पडवीत लॅपटॉप उघडला आणि मला दोन आलेख दाखवले. एक टाकव्याचा, तो हिरवा. एक वरच्या वाडीचा, तो निळा. हिरव्यात सुळके होते, खड्डे होते. निळा खालून चांगला वर चढत यायचा आणि दोनशेला पोचला की तिथं संपायचा. सगळीकडे. आठही वर्षं. विळ्यानं गवत कापावं तसा सरळ.

"काका, हे बघा. डोंगरावर पाऊस खालच्यापेक्षा जास्त हवा. लहान पावसात तसाच आहे, अडीचपट, तिप्पट. आणि नेमका मोठ्या पावसात तो दोनशे दहाच्या पुढे एकदाही जात नाही. तिथल्या ढगाला कुणी झाकण लावलंय का, असं वाटतंय."

झाकण तिच्या समोर बसून सुपारी कातरत होतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोललो तेही वेगळंच. म्हणालो, "बाटली गळत असेल."

"मलाही तीच शंका आहे," ती म्हणाली. "वर जाऊन तपासू या. मोजलेलं पाणी ओतून बघू. वर उन्हाळ्यात पाणी असतं का?"

नसतं. फेब्रुवारीच्या शेवटालाच वाडीतल्या बायका हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरतात. तेव्हा पाणी खालून न्यायचं ठरलं. पाणी कोण नेणार? प्रेरणाच्या पाठीवर तिची यंत्रं होती. मग दहा लिटरचा कॅन मी उचलला. सहासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, खांद्यावर दहा लिटर पाणी, पाऊण तासाची चढण. आणि हे सगळं अशी बाटली तपासायला, जी गळत नाही हे जगात मला एकट्यालाच पक्कं माहीत. दर शंभर पावलांवर वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, आता निम्मं चढून झालं, उगाच कशाला. निम्मं करायची मला खोडच लागली होती.

वर पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळून निघाला असता. कमळाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि रूपाला म्हणाल्या, "भाऊला आदी पानी दे." त्यांच्या त्या दरीतून आणलेल्या हंड्यातलं. माझ्या खांद्यावर दहा लिटर असताना.

प्रेरणानं कॅनमधलं पाणी मोजून आठ लिटरच्या वर थोडं बाटलीत ओतलं. किती ते कुणाला सांगितलं नाही. तासभर थांबलो. बाटलीखाली घातलेला कागद कोरडाच राहिला. मग ती म्हणाली, "मावशी, आता तुम्ही नेहमीसारखं मोजा."

कमळाबाईंनी पदर खोचला. ग्लास जमिनीवर सपाट दगडावर ठेवला, डोळा खुणेच्या पातळीवर आणायला त्या पार खाली वाकल्या. एक ग्लास, एक खाच. ग्लास रिकामा केल्याशिवाय आणि खाच घातल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. मध्ये रूपा काहीतरी विचारायला आली तर हातानंच तिला थांब म्हणाल्या. मी आठ वर्षं दर रविवारी त्या घरी जात होतो आणि त्यांना मोजताना मी कधीही बघितलं नव्हतं. रविवारी मी पोचेपर्यंत साडेआठ उलटून गेलेले असायचे आणि मला चहा आलेला असायचा.

वीस खोल खाचा, सात बारीक. चारशे सात.

प्रेरणानं आपली चिठ्ठी उलगडली. चारशे सात.

"अचूक!" ती म्हणाली. "बाटली ठीक, मावशींचं मोजणं ठीक. मग..."

"मंग भाऊ आर्धं करून लिवत्यात नव्हं," कमळाबाई म्हणाल्या. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. वजनकाट्यावर पोत्याचं वजन वजा करतात, तसा काहीतरी शहाण्या लोकांचा नियम असेल, असंच त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

प्रेरणा माझ्याकडे वळली. "काका?"

"सुधारलं मी," मी म्हणालो. "दोनशेच्या वरचं. मला वाटलं, यांचं दोनदा मोजलं जातंय."

"सगळंच?"

"आठही वर्षांचं."

"कुठला आकडा सुधारलेला आणि कुठला मुळातला, काही खूण?"

"नाही. पानं नवी लिहिली. जुनी जाळली."

 ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आणि आलेखातल्या त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, शांतपणे, "काका, आम्ही धरून चाललो होतो की हा उतार दोनशे सहाला सुटला. त्यावरून इशाऱ्याची पातळी काढत होतो. दोनशेचा पाऊस इथं दर जुलैत चार वेळा पडत असणार. दर वेळी अठरा घरांना खाली या म्हटलं असतं. पहिल्या वर्षी आली असती माणसं. तिसऱ्या वर्षी कुणी आलं नसतं, आणि खरी दरड त्याच वर्षी आली असती."

मी आयुष्यात पुष्कळ बोल्ट लालमध्ये टाकले. कुणी मला उचलून टाकल्यासारखं वाटलं ते त्या ओट्यावर.

कमळाबाईंना काही सांगायला हवं म्हणून मी त्यांच्यापुढे बसलो. "मावशी, चुकलं माझं. तुमचं बरोबर होतं."

त्या खाच घातलेली काडी साफ करत होत्या. ती बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्या दिशी मागली भिंत हालत व्हती. मी आन् शेजारची सरूबाई, दोगी पाट लावून उब्या व्हतो. दिस मावळंपत्तुर. आन् तुमी आईतवारी येऊन म्हनला, येवडा न्हाईच पडला."

मी कॅनचं झाकण लावत बसलो. 

मग त्यांनीच प्रेरणाला विचारलं, "ते आकडं पायजेत व्हय तुमाला? काड्या हायेत की."

मी दर रविवारी वाचून झाल्यावर म्हणायचो, आता टाका ही ताटी चुलीत. त्यांनी टाकल्या नव्हत्या. का नव्हत्या, ते प्रेरणानं विचारलं. "केल्यालं काम आसं कसं जाळायचं?" त्या म्हणाल्या. माळ्यावर, चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या, वर्षावर्षाच्या मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. रूपा माळ्यावर चढली आणि एकेक मोळी खाली देऊ लागली. प्रेरणाच्या चेहऱ्यावर मी अक्षर दाखवलं तेव्हाही एवढा आनंद नव्हता.

पुढचे चार दिवस आम्ही ओट्यावर काड्या वाचल्या. रूपा दहावी झालेली. ती मोजायची, प्रेरणा लिहायची, फोटो काढायची. मला काम दिलं होतं ताट्यांवरची धूळ ब्रशनं झटकायचं. तारखा कशा लावायच्या हा प्रश्न होता, पण तो सुटला. लहान पावसाचे आकडे मी सुधारले नव्हते, त्यामुळे काड्यांवरचे आणि वहीतले लहान आकडे ओळीनं जुळत गेले, आणि मधल्या मोठ्या आकड्यांच्या तारखा आपोआप सापडल्या. प्रेरणा म्हणाली, "तुमच्या वहीचा उपयोग झाला काका." तिचा स्वभाव चांगला आहे.

दोन ठिकाणी अडलं. एका वर्षाची मोळीच नव्हती. रूपाचं पहिलं बाळंतपण भर पावसात झालं, वाळलं सरपण संपलं होतं, तेव्हा पाणी तापवायला ती गेली. ते वर्ष गेलं ते गेलंच; प्रेरणानं त्याच्यापुढे काट मारली. दुसरी गोष्ट म्हणजे नेमक्या त्या जुलैच्या ताट्या मोळीत नव्हत्या. कमळाबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं, त्या खुराड्याला लावल्या!"

कोंबड्यांच्या खुराड्याची एक बाजू कुजली होती, ती त्यांनी चार ताट्या जोडून बुजवली होती. आम्ही सगळे खुराड्याभोवती जमलो. ताट्या काढल्या तर कोंबड्या पळतील, म्हणून त्या जागच्या जागीच वाचायच्या ठरल्या. खालचा भाग विष्ठेनं माखलेला. तो साफ करायला कुणीतरी आडवं पडून हात आत घालायला हवा होता.  मी चष्मा काढून रूपाकडे दिला आणि आडवा झालो. एका तलंगीनं माझ्या मनगटावर दोनदा चोच मारली. वाडीतली पोरं, बाया जमून बघत होती. टाकव्याचे क्वालिटी इन्स्पेक्टर खुराड्यात कोपरापर्यंत.

काडी सापडली. वीस खोल, बारा बारीक. आणि तिच्या आधीच्या तीन काड्यांवर अकरा, नऊ आणि चौदा ग्लास. प्रेरणानं तिथंच जमिनीवर बसून बेरीज केली. एका दिवसाचा पाऊस बघून चालत नाही, ती मला सांगत होती. आधीच्या तीन दिवसांत माती किती प्यायली तेही धरावं लागतं, आणि ते धरलं की त्या उताराचं गणित आता बसतंय. मी मनगटाला हळद लावून घेत होतो.

तिचा लेख यंदा फेब्रुवारीत छापून आला. इंग्रजीत आहे. ती स्वतः टाकव्याला आली आणि मला मराठीत सांगत वाचून दाखवला. आभारात पहिलं नाव कमळाबाईंचं. रूपाचंही आहे. वरच्या वाडीचे आकडे मूळ निरीक्षकानं काड्यांवर कोरलेल्या नोंदींवरून घेतले, असं लिहिलंय, आणि कारण दिलंय, "मधल्या टप्प्यावरील नोंदणीत आढळलेला दोष".

"हा मधला टप्पा म्हणजे..." शकुबाईनं विचारलं.

"हे समोर बसलेत ते," मी म्हणालो.

प्रेरणा घाईनं म्हणाली, "नाव घातलेलं नाही काका. मुद्दामच." मी म्हणालो, घातलं असतं तरी चाललं असतं. ते तितकंसं खरं नव्हतं, पण म्हटलं.

आता वरच्या वाडीत ठरलंय ते असं. चार दिवसांची बेरीज ठराविक ग्लासांच्या पुढे गेली आणि पाऊस थांबायचं लक्षण नसेल, तर उताराला लागून असलेली सात घरं खालच्या शाळेत यायची. निर्णय कमळाबाईंनी आणि रूपानं घ्यायचा. रूपा रोज काडीचा फोटो प्रेरणाला पाठवते. म्हणजे मी रविवारी पोचेपर्यंत आकडे पुण्यात जाऊन आलेले असतात. मला कुणी येऊ नका म्हणालेलं नाही, म्हणून मी जातो. रूपा वही माझ्यापुढे ठेवते, मी लिहितो, आणि लिहून झालं की ती प्रत्येक आकडा काडीशी ताडून बघते. पहिल्यांदा तिनं तसं केलं तेव्हा कान गरम झाले. आता मी स्वतःच वही तिच्याकडे सरकवतो.

यंदाच्या जुलैत एकदा सात घरं खाली आली. मलाही रूपाचा फोन आला, "आबा, चादरी घेऊन शाळंत या." गावातून जमवलेल्या तीस चादरी स्कूटरवर दोन खेपा करून नेल्या. दीड दिवस सगळी शाळेत होती. शकुबाईनं आणि सरूबाईनं मिळून पिठलं केलं, पोरांनी फळ्यावर चित्रं काढली. उतार काही घसरला नाही. परत जाताना एकजण कुरकुरला, "उगाच खाली आलो." कमळाबाई बोचकं डोक्यावर घेत म्हणाल्या, "उगाच आलो हेच बरं हाय." आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागल्या.

मी मागं राहून चादरी मोजल्या. एकोणतीस भरल्या. दोनदा मोजल्या, तरी एकोणतीसच. शकुबाई म्हणाली, तीस होत्या, तुमचंच चुकलं असेल. मी म्हटलं, असेल, आणि एकोणतीस लिहिलं.